तीस सेकंदांच्या आत

मिस्त्रींनी चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला तो नेमका त्या ओळीवर, जी तिला खोडायची होती.

"कप उचला," ती म्हणाली.

"आधी चहा घे. मग खोड."

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. खर्चाला कात्री लावणं हे तिचं काम, त्यामुळे नावात खोट काढायला तिला जागा नव्हती. मिस्त्री हे मात्र लाडाचं नाव होतं. गेली वीस वर्षं ऑफिसात बंद पडलेलं काहीही त्यांच्याकडे जायचं आणि बहुतेक वेळा चालू होऊन परत यायचं. आता त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बटणं बनवायची. गळ्यात अडकवायचं, पडलं-झडलं तर दाबायचं, पलीकडून आवाज यायचा. पलीकडचा सगळा कारभार भाड्याच्या कॉम्प्युटरांवर चाले, आणि ते भाडं तीन वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांना जाई. ते कॉम्प्युटर कोणत्या गावात आहेत हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. बिलं मात्र दर महिन्याला न चुकता दिसत, आणि तिन्ही बिलं तीन तऱ्हेची. एक कंपनी सेकंदावर मोजायची, दुसरी तासावर, आणि तिसरीने स्वतःचंच एक माप काढलं होतं, जे तिच्या माणसांनाही धड समजावता येत नसे. तीन जावांनी एका घरात तीन वजनकाटे वापरावेत तसं चाललं होतं.

कात्रीने सहा महिने खपून त्यातून एक तक्ता काढला. प्रत्येक ओळीला एक मालक, एक काम, एक खर्च आणि शेवटी एका वापरामागे पडलेला खर्च. एक वापर म्हणजे किती, यावर तिन्हीकडचं जमेना, तेव्हा तिनेच ठरवून टाकलं. अर्ध्या मिनिटाच्या वर चाललेलं बोलणं म्हणजे वापर. तीस सेकंदांच्या आतलं म्हणजे चुकून लागलेला हात. ते धरायचं नाही. वरच्या मजल्यावर तक्त्याचं कौतुक झालं. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं.

कपाखालची ओळ दोनशे बारावी होती. काम: तात्पुरते. मालक: कोरं.

"सात वर्षं तात्पुरतं?" तिने विचारलं.

मिस्त्री खुर्ची ओढून बसले. तात्पुरतं लिहिलं की कुणाची सही लागत नाही, म्हणून लिहिलं, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पहिल्या बॅचची जुनी बटणं त्या ओळीवर चालत होती. एकेचाळीस माणसं उरली होती. त्या सगळ्यांना कंपनीने मागच्या वर्षी मनगटावरचा नवा पट्टा फुकट दिला होता; पडलं तर पट्टा स्वतःच ओळखायचा, दाबायचीही गरज नव्हती. जीवाला धोका कुणाच्याच नव्हता. हे कात्रीने दोनदा तपासलं होतं.

"आणि वापर बघा ना," ती म्हणाली. "वर्षभरात शून्य. शून्याने भागलं की रकाना लाल होतो. तीनशे ओळींत हा एकच लाल आहे."

"शून्य कसं असेल? रोज दाबतात."

"रोज?"

"सकाळी. आमचं मशीन म्हणतं, ऐकतोय, बोला. ते काहीतरी बोलतात आणि सोडतात. दहा-बारा सेकंद." मिस्त्रींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "सतरा नंबर तर घड्याळ लावून घ्यावं अशी. सहा चाळीस. एक दिवस खाडा नाही."

कात्रीने कप उचलला, ओळीवर गोल डाग पडला होता तो बोटाने पुसला, आणि चहा न पिताच कप परत ठेवला. सतरा नंबरचा अर्ज सात वर्षांपूर्वी तिनेच भरला होता. कंपनीच्या माणसांना पहिल्या बॅचमधलं एकेक बटण घरी न्यायला मिळालं होतं. दोरी जरा लांब होती म्हणून तिने ती आईच्या गळ्यात घालून मागे गाठ मारली होती. मागच्या वर्षी पट्टाही तिनेच बांधला होता, आणि बटण आता काढून ठेव असं बजावलं होतं. आई हो म्हणाली होती. आईचं हो म्हणजे काय, हे पन्नाशीला टेकलेल्या मुलीला कळायला हवं होतं.

बुधवारी ती साहेबांकडे गेली. आईचं नाव काढायचं नाही, हे जिना चढतानाच ठरवलेलं. तीस सेकंदांची अट दहावर आणता येईल का, एवढंच तिने विचारलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिचाच तक्ता तिला समजावला. एका ओळीसाठी अट हलवली की तीनशे ओळी हलणार. तिसऱ्या कंपनीचं माप अर्ध्या मिनिटाच्या खाली जातच नाही, हे तिनेच लिहून दिलं होतं. प्रत्येकाला आपली ओळ लाडकी असते, म्हणून तर सगळ्यांना एक माप लावलं. हे शेवटचं वाक्यसुद्धा तिच्याच टिपणातलं होतं.

"महिन्याचा खर्च तसा फार नाही," ती म्हणाली. "आपल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसावर जेवढा होतो, तेवढा."

"मान्य आहे हो. पण कुंड्या तक्त्यात लाल दिसत नाहीत."

ती उठली. दारात थांबून एकदा मागे वळली, तोवर साहेबांनी फोन कानाला लावला होता.

शुक्रवारी पाच वाजता ओळ बंद करायची होती. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून क्लाउडवर एक पद्धत असते. जे पुसायचं त्याचं नाव स्वतःच्या हाताने टाइप करावं लागतं. मिस्त्री तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनीच आणलेला चहा दोघांच्या मध्ये निवत होता. तात्पुरत्या गोष्टींची दुसरी प्रत कुणी ठेवत नाही, त्यामुळे एकदा पुसलं की पुसलं. ते मिस्त्रींना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"तो आवाज कुणाचा होता?" तिने टाइप करता करता विचारलं.

"कुठला?"

"ऐकतोय, बोला."

"माझाच. आवाज भरायच्या दिवशी कुणी सापडेना. नाक चोंदलं होतं माझं. म्हटलं, तात्पुरतं घालू, बरं वाटलं की नवीन करू."

तिने शेवटचं अक्षर टाइप केलं. मिस्त्रींनी तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, काढली आणि ते आपल्या जागेवर गेले. पडद्यावर दोनशे बारावी ओळ नाहीशी झाली, खालच्या सगळ्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या आणि तक्ता हिरवागार झाला.

शनिवारी सकाळी सहा वीसला तिने आईच्या दाराची बेल वाजवली.

"कोण गेलं?" आईने दार उघडताच विचारलं.

"कुणी नाही गेलं. सहज आले."

"सहज रविवारी येतेस तू. शनिवारी, अन् अंधार फिटायच्या आत? नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही गं."

"भांडावं अधूनमधून," म्हणत आई आत गेली. गळ्यातली दोरी मळून काळी झाली होती. मागची गाठ तीच होती. मनगटावर पट्टा नव्हता. तो फ्रिजवर औषधांच्या डब्याशेजारी, पेटीतच, नीट झाकण लावून ठेवलेला होता.

कात्रीने आईने केलेला चहा घेतला. घड्याळात सहा एकतीस. येताना बसमध्ये तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, ती आता एकेक करून निरुपयोगी वाटायला लागली.

"पट्टा का नाही घातलास?"

"घालते की बाथरूमला जाताना. पण ते मुकं आहे. मी पडले तरच त्याला माझ्याशी काम."

"आणि हे?"

आईने बटण मुठीत धरलं, एखाद्या लहान पोरीला शेजारच्या बाईसमोर पुढे करावं तसं.

"हा रोज विचारतो. सर्दीवाला. मशीन आहे ते मला कळतं, सात वर्षं कुणाला सर्दी राहते का? पण विचारतो. मी म्हणते, आहे मी. झालं. मग दिवस सुरू."

सहा पस्तीस. कात्री उठून आईच्या शेजारी बसली.

"आई, मी करत जाईन फोन. रोज, याच वेळेला. नक्की."

आई हसली. मुलीच्या खांद्यावरचा एक केस उचलून तिने खाली टाकला.

"नको गं. तुझा फोन आला की मला बरं असावं लागतं."

आईने तिच्या हातातला रिकामा कप काढून घेतला, विसळला, पालथा घातला आणि हात पुसत खिडकीशी जाऊन उभी राहिली. रोज तिथेच उभी राहत असणार; त्या जागेवरची फरशी इतर फरशांपेक्षा गुळगुळीत होती. आता सांगायला हवं होतं. कात्रीने तोंड उघडलं, तेवढ्यात आईने बटण ओठांजवळ नेलं आणि दाबलं.

हिरवा दिवा लागला. तो बटणाच्या आतल्या सेलवर लागायचा. पलीकडे कुणी असो वा नसो, त्याला फरक पडत नव्हता.

आईने वाट पाहिली. मान जराशी कलती करून, दाराबाहेरचा माणूस चपला काढत असावा तशी. मग बटण कानाजवळ नेलं, पुन्हा तोंडाशी आणलं. अंगठा सोडला नाही. तिची नखं पांढरी झाली होती.

"ऐकतोयस ना रे?" ती हळूच म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. आई अजून थोडी थांबली.

"आहे मी," तिने सांगितलं आणि अंगठा उचलला.

बटण झग्याच्या आत सारत ती वळली. "आज नाही बोलला. त्याचंही वय झालं असेल."

कात्री भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सेकंदकाटा आईने बटण दाबलं तेव्हा बारावर होता. आता तो सहा ओलांडून सातच्या जरा अलीकडे होता.