सातव्या ताणाचा नियम

सर्बियातल्या लेस्कोव्हात्समध्ये सप्टेंबर लागला की अंगणाअंगणातून मिरच्या भाजल्याचा वास सुटतो, आणि बाहेरगावी गेलेली पोरं आयवार, म्हणजे भाजल्या मिरच्यांची चटणी, घोटायला घरी येतात. देसांकाची लेक रूझिका मात्र लग्नानंतरच्या सहाही सप्टेंबरांत आली नव्हती.

कारण तिचा बाप. तिहोमीरने रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये तीस वर्षं काढली आणि बसल्या बसल्या एक शोध लावला: रूळांचं जंक्शन असो, मधमाश्यांचं पोळं असो की कुटुंब, कुठलाही गुंता सहा ताण सोसतो आणि सातव्याला तुटतो. खुळ्याचं शास्त्र! पण हा शहाणा लेकीच्या ग्रादिमीरशी झालेल्या लग्नात राकिया दारूचा पेला उंचावून उभा राहिला आणि भर पंगतीत म्हणाला, वर्षाला एक ताण धरला तर हे लग्न सातव्या वर्षी मोडेल. वर आकृतीही दाखवली.

यंदा सातवं वर्ष होतं.

"अहो शास्त्रज्ञ," कढईत कालथा फिरवत देसांका म्हणाली, "तिला फोन करा. नियम चुकला म्हणा. नाहीतर घोटत बसा एकटेच, माझे हात गेले."

"तीस वर्षांचं काम आहे गं ते."

"आणि लेक कितीची आहे?"

मिरच्यांची सालं काढून चिकट झालेल्या बोटांनी तिहोमीरने लेकीचा नंबर लावून फोन स्टुलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"रूझा, मी बोलतोय. ते नियमाचं..."

"बाबा, तुमचंच खरं झालं." आवाज अगदी बारीक होता. "ग्रादिमीर मार्चमध्ये घर सोडून गेला. कुठल्या तोंडाने सांगणार होते तुम्हाला?"

देसांकाचा हात थांबला. हा माणूस जन्मभर याच वाक्याची वाट बघत होता, आणि तिला त्याची भीती वाटली. 'बघ, म्हणालो नव्हतो?' एवढं जरी तो बोलला असता, तरी पोर कायमची गेली असती.

"छे," तिहोमीर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझी आकृतीच चुकली होती. नियमबियम काही नाही, आणि तुझा तर काहीच दोष नाही. जेवलीस का?"

पलीकडे हुंदका फुटला. "नाही."

"मग ये. साडेचारची गाडी पकड, मी स्टेशनवर येतो."

तो कोट शोधू लागला. आयवार कढईच्या बुडाला लागलं होतं, पण देसांकाने तिकडे पाहिलंही नाही.

"आकृती खरंच चुकली होती का हो?"

"छट्," तो कोटात हात घालत म्हणाला. "पण तिला कधी सांगू नकोस."