टोकन नंबर सातशे बारा

काय करता, असं आमच्या ह्यांना कोणी विचारलं, की हे सांगायचे, "मिल बंद आहे." जसं काही मिल बंद असणं हाच ह्यांचा धंदा. शेजारच्या लग्नात विचारा, दवाखान्यात विचारा, रेशनच्या रांगेत विचारा, उत्तर एकच. हे म्हणजे किसनराव, मिलच्या दुरुस्ती खात्यातले फिटर, टोकन नंबर सातशे बारा. सत्तावीस वर्षं ह्यांनी मिलची मशिनं उघडली नि जोडली. एक्क्याण्णवच्या डिसेंबरात मिलला टाळं लागलं, त्या दिवशी घरी आले, अवजारांची पेटी पलंगाखाली सरकवली, आणि त्यानंतर सोळा महिने साध्या पान्याला हात लावला नाही. घरातला गळका नळसुद्धा पोरीनं दुरुस्त केला. मला राग यायचा. मिलचा येत होताच, पण मिल काही माझ्यासमोर बसून चहा पीत नव्हती, हे पीत होते.

पोरगी म्हणजे नंदिनी, आमची एकुलती एक. पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात माल तपासते. बाप घरी बसला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिला नोकरी लागली. देशाची दारं उघडली असं पेपरात येत होतं तेव्हा. आमच्या घरी एक मिटलं नि एक उघडलं.

तर त्र्याण्णवच्या मार्चमध्ये ह्या पोरीनं जीप आणली. महूच्या फौजेनं भंगारात काढलेली. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ती उलटी आली आणि ढकलत आली. मागून अर्धी गल्ली जोर लावतेय नि नंदिनी स्टिअरिंगवर अशी बसलीय की हत्तीवर बसलेल्या राणीनंही जरा सरकून जागा द्यावी. रविवारी तिच्या कारखान्यातले दोस्त आले, दिवसभर इंजिनात डोकी घालून बसले, आणि संध्याकाळी जीप अशी काही खोकली की समोरच्या चिंतामणची कोंबडी तीन दिवस अंड्यावर बसली नाही.

हा सगळा खटाटोप होता दादांसाठी. दादा म्हणजे माझे सासरे, तुकोजी, फौजेतले रिटायर हवालदार, वय त्र्याऐंशी. चौदा एप्रिलला दादा महूला बाबासाहेबांच्या जन्मगावी गेले नाहीत असं एकही वर्ष नाही. आधी पायी, मग सायकलनं, मग बसनं. गेल्या वर्षी बसच्या पायरीवरून घसरले नि गुडघा गेला. डॉक्टरनं बस बंद केली. दादा तेव्हापासून बोलायचे कमी आणि कॅलेंडरकडे बघायचे जास्त.

जीपमध्ये पुढे बसले असते तर प्रश्नच मिटला असता. पण जीप आल्या आल्या दादांनी हुकूम सोडला की पुढच्या सीटवर बाबासाहेबांची तसबीर राहील, हवालदार मागे. आणि जीपची मागची बाजू माझ्या कमरेइतकी उंच, पाय टेकायला तिथे काही म्हणजे काही नाही. चार जण मिळून उचलून बसवू, असं नंदिनी म्हणाली. दादांनी तिच्याकडे पाहिलं.

"चार जणांनी उचलून न्यायची वेळ माझ्यावर एकदाच येणार आहे," ते म्हणाले. "ती मी आत्ता आणणार नाही."

म्हणून बंपर. नंदिनीनं कबाड बाजार पालथा घालून कुठल्याशा मोठ्या गाडीचा लोखंडी बंपर शोधला. वर चांगला वीतभर रुंद, म्हणजे माणसाचा पाय सुखानं मावेल असा. मागे लावला की पायरीची पायरी. फक्त तो सगळा गंजलेला होता, मधे पोचा आलेला, आणि वजन एवढं की आणणाऱ्या हातगाडीवाल्यानं तो अंगणात टाकला नि आधी पाणी मागितलं. नंदिनीनं तो बापाच्या पुढ्यात ठेवला. आज एप्रिलची दोन तारीख, चौदाच्या आत बसवायचा, असं सांगितलं.

"मी मिलचा फिटर आहे, गाड्यांचा नाही," हे म्हणाले, आणि चहाचा कप तोंडाला लावला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण सत्तावीस वर्षं संसार केलाय, ह्यांना ओरडून काही होत नाही हे मला ठाऊक. मी गुपचूप नारळाची शेंडी घेतली, चुलीतली राख घेतली, आणि बंपरसमोर फतकल मारून बसले. लागले घासायला. कढई घासावी तसा, गोल गोल. मुद्दाम. हे बघत होते. मी अजून जोरात गोल गोल. ह्यांचा कप खाली आला. मग मी थोडं पाणी ओतलं गंजावर, तेव्हा मात्र हे उठलेच.

"अगं कांता, लोहा आहे तो, पतेली नाही! गोल काय घासते, लंबाईत घास ना. आणि पाणी कोण टाकतं भिया गंजावर?"

ह्यांना सगळ्यांनाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणायची सवय, त्यातून बायकोही सुटत नाही. मला येत नाही म्हटलं. असंच घासणार, म्हटलं. हे आत गेले, पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि मी राखेचे हात तोंडावर धरून हसले. माझं तोंड काळं झालं होतं हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

पेटीत तारेचा ब्रश होता, कानशी होत्या, पाने, गुण्या, हातड्रिल, आणि एका फडक्यात आकडे ठोकायचे पोलादी ठसे. मिलची रीत होती की फिटरनं जे दुरुस्त केलं त्यावर त्यानं आपला टोकन नंबर ठोकायचा. उद्या मोडलं तर कोणाला बोलवायचं ते कळावं म्हणून. नंदिनीनं ते फडकं उचललं नि विचारलं, पपा, ह्याच्यावर पण ठोकणार ना? ह्यांनी ते तिच्या हातून घेतलं, परत गुंडाळलं. मिलच नाही तर नंबर कोणाचा, म्हणाले, आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. ब्रश हातात आला होता, तेवढं त्या दिवशी पुरे होतं.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. मिलची दुसरी रीत अशी, की काम करायच्या आधी सगळं उघडं करायचं. ह्यांनी जीपचा मागचा फाळका, म्हणजे खाली पडून उघडतं ते मागचं दार, काढून घरामागच्या भिंतीला टेकवलं. सीट काढल्या, ताडपत्री काढली. जीपचं नुसतं कोंबडं सोलल्यासारखं झालं. पोचा काढायला ह्यांना खाली काहीतरी घट्ट हवं होतं, तर माझा पाटा नेला. तीन दिवस आम्ही चटणी शेजारणीच्या पाट्यावर वाटली. मग पॉलिश कागद, मग लाल रेड ऑक्साइड, त्यावर पुट्टी, परत पॉलिश कागद. हे बंपरवर डोळे मिटून बोटं फिरवायचे, अडायचे, म्हणायचे, इथे अर्धं सूत उंच आहे. मी फिरवायचे, मला काहीच लागायचं नाही. पण मी हो म्हणायचे.

रंगाचं तर गल्लीत भांडण झालं. दादांना फौजी हिरवा हवा, ह्यांना मशिनीचा राखाडी हवा. शेवटी विहाराच्या झेंड्यांच्या काठ्या रंगवून निळा रंग उरला होता तो मी आणला नि विषय संपवला. ब्रशनं रेघा पडतात म्हणून ह्यांनी डास मारायचा पंप धुतला, त्यात रंग पातळ करून भरला, आणि फुस्स फुस्स करत असा काही निळा चढवला की बंपरमध्ये तोंड दिसावं. वारा सुटला तेवढं जरा चुकलं. चिंतामणचा पांढरा बुशशर्ट समोर वाळत होता, त्यावर निळे ठिपके आले. तो भांडायला म्हणून आला, बंपर बघून थबकला, नि म्हणाला, "राहू द्या भिया, मॅचिंग झालं. चौदाला हाच घालतो."

तेरा तारखेला दुपारी बंपर चढवायचा ठरला. बंपर उचलायला आम्ही सात बायका, कारण माणसं कामावर. हे जीपच्या खाली उताणे, आम्हाला हुकूम देतायत, डावीकडून वर, एक सूत खाली, आता हलू नका. आम्हाला हसू आवरेना, आणि हसलं की बंपर हलायचा, बंपर हलला की खालून शिव्या. चार बोल्ट बसले. हे बाहेर आले, अंग झटकलं. फिटरनं स्वतः आधी चढायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं, हीसुद्धा मिलचीच रीत. हे बंपरवर चढले नि चांगल्या तीन उड्या मारल्या. बावन्न वर्षांचा माणूस. मग आम्ही सातही जणी एकमेकींच्या कमरा धरून चढलो, शेवटी चिंतामण कोंबडी काखेत घेऊन चढला, जीप मागून बसली नि पुढून नाक वर केलं, पण बंपर जागचा हलला नाही. कोणीतरी जिलबी आणली. मी इतकी हसले की मला उचकी लागली.

जिलबी खाता खाता नंदिनीनं घरामागून फाळका आणला आणि बापानं तो जागच्या जागी लावला. कडी काढली. फाळका खाली आला आणि बंपरवर तिरका आडवा पडला. पाय ठेवायची जागा सगळी त्याच्याखाली झाकली गेली. फाळका मिटला तर आत जाता येत नाही, उघडला तर पायरीच नाही.

दहा दिवस फाळका भिंतीला टेकून होता. कोणाच्या म्हणजे कोणाच्या मनात आलं नाही.

ह्यांनी पाना पेटीत ठेवला, ब्रश ठेवला, कानस ठेवली. बाजेवर जाऊन बसले. बायका एकेक करून हात पुसत निघाल्या. नंदिनी म्हणाली, पपा, फाळका काढूनच जाऊ या ना. हे म्हणाले, दादा मागे बसणार आणि मागे उघडं, एखाद्या वळणावर म्हातारा रस्त्यावर जाईल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोललो होतो मी. गाड्यांचा फिटर नाही आपण. मिल गेली तेव्हाच हात पण गेले."

मला इतकी भीती वाटली त्या वाक्याची. दादांचं महू चुकेल ह्याची नाही, ते तर होतंच. पण हा माणूस आत्ता परत बाजेवर बसला तर पुन्हा कधी उठणार नाही हे मला स्वच्छ दिसलं. आणि मला भीती वाटली की मी भांडते. तो माझा स्वभावच आहे.

"दार खालीच पडलं पाहिजे असं कोणी सांगितलं?" मी म्हटलं. "आपल्या न्हाणीचं दार पडतं का खाली? बाजूला उघडतं ना? इतकी अक्कल त्या न्हाणीला आहे नि तुम्हाला नाही?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग न्हाणीकडे पाहिलं. बराच वेळ न्हाणीकडेच पाहिलं. मी बोलून गेले होते रागात, माझ्या काहीच लक्षात आलेलं नव्हतं. हे उठले, पेटी उघडली, आणि सरळ न्हाणीच्या दाराचे स्क्रू काढायला लागले.

सूर्य मावळायच्या आत न्हाणीच्या तीनही बिजागऱ्या फाळक्याच्या डाव्या कडेला बसल्या. न्हाणीची कडी उजव्या कडेला. फाळका आता कपाटासारखा बाजूला उघडत होता, बंपरच्या अंगाला न लागता, दोन सूत वरून. ह्यांनी तो चाळीस वेळा उघडला नि मिटला. आवाज हुबेहूब आमच्या न्हाणीचा. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातल्या सगळ्यांनी माझी जुनी साडी आडवी लावून आंघोळी केल्या, आणि दादा आत असताना वाऱ्यानं साडी उडाली तेव्हा हवालदारांनी अशी काही आरोळी ठोकली की गल्ली सावधान झाली.

सात वाजता दादा बाहेर आले. कोट, मेडलं, काठी. पुढे तसबीर, तिला हार. ढोलवाले थांबले. डावा पाय बंपरवर. हात उघड्या फाळक्याच्या कडेला, धरायला अगदी जागच्या जागी. दादांनी श्वास घेतला नि चढले. एकटे. कोणी हात लावला नाही. वर जाऊन सरळ उभे राहिले. मला वाटलं आता जय भीम म्हणतील. ते खाली बंपरकडे बघत होते.

"किसन, नंबर कुठाय?"

हे गोंधळले. दादा म्हणाले की फौजेत प्रत्येक बंदुकीवर नंबर असतो, बिननंबराच्या मालावर ते महूला जाणार नाहीत. ढोलवाले, गल्ली, नंदिनी, सगळे थांबलेले. हे आत गेले. मी देवाबिवाला मानत नाही, पण तेव्हा दाराकडे बघत मी कोणाला तरी विनवत होते. हे फडकं घेऊन आले. खाली बसले. सात ठोकला. एक ठोकला. दोन ठोकला. प्रत्येक घावाला चकचकीत निळा रंग उडून खालचं लोखंड चमकलं. एवढा घोटून चढवलेला रंग, आणि ह्यांनी त्यावर बोट फिरवलं नि म्हणाले, ठीक आहे.

महूला गर्दी म्हणजे मुंगीला जागा नाही. जीप कडेला लावून आम्ही दादांना उतरवत होतो, म्हणजे ते उतरत होते नि आम्ही नुसते हात पसरून उभे होतो. मागच्या टेम्पोतला एक माणूस खाली उतरून बंपर निरखत होता. त्यानं बिजागऱ्या बघितल्या, फाळका हलवून पाहिला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "जय भीम भाऊजी. काय करता आपण?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला सोळा महिने पाठ होतं.

"फिटर आहे," हे म्हणाले.