दुसरा ग्रेनॉक : अज्ञात

माझे आजोबा, सेसिल बूथरॉइड, हे परग्रहावरचे राक्षस होते. दोन दिवस. त्याआधी आणि त्यानंतरची एकतीस वर्षं ते ओसलथॉर्पच्या दगडखाणीत सुरुंग लावत होते, पण त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही.

एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात ‘चंद्रामागची बोट’ या मालिकेची माणसं आमच्या खाणीत आली. त्या काळी सगळा देश शनिवारी संध्याकाळी ही मालिका बघायचा आणि निम्मा देश ती घाबरून सोफ्यामागून बघायचा. तिच्यातला प्रत्येक ग्रह आमच्या खाणीसारखा दिसायचा, कारण ती आमची खाणच असायची. फक्त शुक्र पलीकडच्या खाणीत होता. तिथे गाड्या लावायला जागा बरी होती.

मालिकेच्या त्या भागात जमिनीखालून ग्रेनॉक नावाचे राक्षस वर येणार होते. दोन राक्षस, बजेट तेवढंच. दुसऱ्या राक्षसासाठी लंडनहून आलेल्या नटाने सकाळी रबरी पोशाखात एक पाय घातला, तो गारठला म्हणून बाहेर काढला आणि सरळ स्टेशन गाठलं. पोशाख सव्वासहा फुटी माणसाचा. खाणीत त्या मापाचा माणूस एकच होता आणि तो तेव्हा डबा खात होता.

पोशाखाला छातीवर सहा डोळे होते, पण ते रंगवलेले. बाहेरचं दिसायचं ते नाकपुडीतून, तेही डाव्या. आजोबांनी फक्त खडकाआडून यायचं आणि नायिकेला कोपऱ्यात गाठायचं, एवढंच काम. ते आले. गाठलंही. पण नाकपुडीतून पाय दिसत नसल्यामुळे नायिकेच्या, म्हणजे ॲडेला क्रेनच्या, पायावरच उभे राहिले. आणि आमच्या भागातला कुठलाही माणूस जे म्हणेल तेच म्हणाले :

“सॉरी, लव.”

आमच्याकडे सगळे सगळ्यांना लव म्हणतात. बसवाला म्हाताऱ्यांना म्हणतो, खाटीक पाद्रीबाबांना म्हणतो. त्यात प्रेमाचा काही संबंध नसतो. ॲडेला क्रेननेही मग आपलं कर्तव्य केलं. तीही “सॉरी” म्हणाली. या देशात ज्याचा पाय तुडवला जातो त्यानेही माफी मागायची असते, नाहीतर उगाच चारचौघांत विचित्र दिसतं.

साडेतीन वाजले होते, ऊन चाललं होतं. दिग्दर्शकाने आकाशाकडे बघितलं आणि “चालेल” म्हणून टाकलं.

रबरातून आजोबांचं वाक्य ऐकू आलं ते असं : “झोरिलव.” कळ येऊन दात आवळून बोललेलं बाईंचं ऐकू आलं : “झोरी.”

पुढे वाहिनीने ती टेप पुसली आणि तिच्यावर भोपळे कसे वाढवावेत याचा कार्यक्रम भरला. भाग कायमचा गेला. उरला फक्त आवाज, कारण एका मुलीने टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला होता. आता चित्रच नाही म्हटल्यावर पाय कोणाचा, कोणावर पडला हे कोणाला कळणार?

इथे रॉडरिक पिम येतात. पिम हे शाळेत लॅटिन शिकवायचे आणि मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाचे अठ्ठावीस वर्षं अध्यक्ष आहेत. झोरिलव आणि झोरी हे दोन शब्द त्यांच्या हाती लागले आणि लॅटिनच्या माणसाने जे करू नये ते त्यांनी केलं : व्याकरण काढलं. झोरी म्हणजे मरण. लव हा अनेकवचनी प्रत्यय. झोरिलव म्हणजे ‘तुम्हां सर्वांना मरण अटळ आहे’. नायिका मरणाच्या दारात शत्रूच्याच भाषेत उत्तर देते, तेही एकवचनात, म्हणजे ‘मरण मला एकटीला येवो’. यावर लोक रडले आहेत. आज ग्रेनॉक भाषेत चारशे बारा शब्द आहेत आणि शब्दकोशाची तिसरी आवृत्ती संपली आहे.

मंडळाकडे एक मोठी वहीही आहे. मालिकेत काम केलेल्या प्रत्येकाचं नाव तिच्यात आहे, अगदी पहिल्या वर्षी खिडकीतून चुकून दिसलेल्या दूधवाल्याचंही. त्या भागापुढे लिहिलंय : दुसरा ग्रेनॉक : अज्ञात.

आजोबांनी अकरा पत्रं लिहिली. अकरा वेळा अदबीने उत्तर आलं की आपल्यासारखे सतरा दावेदार आहेत, आपली आस्था पाहून आनंद वाटला. गावातल्या क्लबात आजोबांबरोबर बसणाऱ्यांना हे कळलं आणि तेव्हापासून, “काय अज्ञात, आज काय घेणार?”

“शहात्तर वर्षांचा झालो,” आजोबा मला म्हणाले. “माझ्या दगडावर काय कोरणार? सेसिल बूथरॉइड, कंसात अज्ञात?”

“आजोबा, पुरावा कुठाय पण?”

“मी काय खोटं बोलतोय?”

“नाही हो. पण ते सतराही हेच म्हणत असतील.”

“त्या सतरांतला एक पाच फूट दोन इंच आहे. त्याला त्या पोशाखात भाड्याने खोली मिळाली असती.”

यंदा मेमध्ये मंडळाचं वार्षिक संमेलन ओसलथॉर्पलाच ठरलं. खाण बघायची, मग क्लबच्या हॉलमध्ये चहा, अंड्याचे सँडविच आणि पिम यांचं भाषण. प्रमुख पाहुण्या ॲडेला क्रेन. आजोबांनी लग्नातला कोट काढला. तो त्यांना अजून होत होता, फक्त बटणांचं आणि काजांचं आता जमत नव्हतं.

पिम यांनी ‘ग्रेनॉक क्रियापदाची भविष्यकाळातली रूपं’ यावर चाळीस मिनिटं घेतली. मंचावर ॲडेलाबाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. ताठ, ऐंशीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांच्या. मग पिम म्हणाले, “काही शंका?”

आजोबा उठले.

“शंका नाही. खुलासा आहे. तो शब्द मी बोललो. आणि मी ‘सॉरी, लव’ म्हणालो.”

हॉलमध्ये कोणीतरी सँडविच चावता चावता थांबलं.

“आपलं नाव?” पिम यांनी विचारलं.

“बूथरॉइड. अकरा पत्रं.”

“अच्छा, ते बूथरॉइड.” पिम हसले, पण सभ्यपणे. “मिस्टर बूथरॉइड, ग्रेनॉक माफी मागत नाहीत. त्यांच्या भाषेत तसा शब्दच नाही. मी शोधला आहे.”

“तुम्ही शोधला कसला, तुम्ही बनवला.”

“खाली बसा हो काका!” मागून एक दाढीवाला ओरडला.

“बसतो. पण आधी सांगून बसतो. खाणीच्या उत्तरेच्या कड्यापाशी, डाव्या पायाच्या करंगळीवर, माझा उजवा पाय. पोशाखाच्या तळव्याला शिसं भरलेलं होतं, लटपटू नये म्हणून. पंचाहत्तर किलो मी आणि वर ते शिसं.” आणि मग मंचाकडे वळून, आवाज एकदम खाली आणून : “फार लागलं होतं का हो बाई? तेव्हा विचारायचं राहूनच गेलं. मला चहाला पाठवून दिलं त्यांनी.”

ॲडेलाबाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्या वाकल्या. डावा बूट काढला. मग मोजा काढला. ऐंशीच्या वर वय असलेली बाई दोनशे माणसांसमोर मोजा काढते तेव्हा सगळे छताकडे बघतात, तसे सगळे बघायला लागले.

“इकडे बघा,” त्या म्हणाल्या. “करंगळीचं नख. पुन्हा धड आलंच नाही.”

पिम यांचा चेहरा भोपळ्याच्या कार्यक्रमासारखा झाला. “पण... मिस क्रेन... तुम्ही अठ्ठावीस वर्षं माझं हे भाषण ऐकताय.”

“हो ना.”

“मग एकदाही काही म्हणाला नाहीत?”

“तुम्ही इतकं छान बोलत होता. मधे तोंड घालणं बरं दिसलं नसतं.”

“आणि ‘मरण मला एकटीला येवो’?”

“मी सॉरी म्हणाले, रॉडरिक. पाय त्यांच्या वाटेत होता ना माझा.”

हॉल शांत झाला. चारशे बारा शब्द एकदम पडल्यावर होते तशी शांतता. मग तो दाढीवाला उठला आणि त्याने शर्टाची बाही वर केली. दंडावर मोठ्या काळ्या अक्षरांत गोंदलेलं होतं : झोरिलव.

“म्हणजे काका,” तो आजोबांना म्हणाला, “माझ्या हातावर काय लिहिलंय?”

“सॉरी, लव.”

त्याने बराच वेळ दंडाकडे बघितलं. “बायको घर सोडून गेली तेव्हा हा हात नुसता पुढे केला असता तरी भागलं असतं.”

आधी ॲडेलाबाई हसल्या. मग सगळा हॉल. फक्त पिम हसले नाहीत. ते शब्दकोशावर हात ठेवून बसले होते, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. आजोबा लंगडत मंचावर चढले. मला वाटलं आता ते अकरा पत्रांचा हिशोब चुकता करणार. ते शेजारच्या खुर्चीवर बसले.

“पोरा, पुस्तक जाळू नकोस हं.”

“चूक आहे ते. पहिल्या पानापासून चूक.”

“असू दे की. मी एक वाक्य बोललो, तेही चुकून. तू त्याच्यावर अख्खा देश उभा केलास. माझ्या सुरुंगांनी नुसते खड्डे पडले.” मग त्यांनी घसा साफ केला. “ग्रेनॉकही माणसंच. चुकून पाय पडला तर म्हणत असतील ना सॉरी? तेवढा एक अर्थ वाढव. चौथ्या आवृत्तीत.”

पिम यांनी डोळे पुसले. “दुसरा अर्थ म्हणून?”

“पहिला,” आजोबा म्हणाले. “मरण दुसरा.”

ती मोठी वही आणली गेली. पिम यांनी आपलं शाईचं पेन काढलं आणि ‘अज्ञात’वर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. लॅटिनवाल्यांची रेघ सरळच असते. दोनशे माणसं उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं.

“सेसिल बूथरॉइड,” पिम लिहिता लिहिता म्हणाले. “आणि पुढे? व्यवसायाचा रकाना आहे. नट लिहू?”

आजोबांनी कोट खाली ओढला. सबंध हॉलवरून एकदा नजर फिरवली, क्लबातले चौघे मागच्या भिंतीला टेकून उभे होते तिथपर्यंत.

“राक्षस लिहा,” ते म्हणाले.