आऽ कर

आतल्या खोलीच्या दाराला वरच्या बाजूला हातभर काच होती, आणि काजवालीचा सगळा संसार हल्ली तेवढ्या काचेत मावत होता. काजवाली हे नाव कारखान्यातलं. शर्टांची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक टाका इकडचा तिकडे झाला, तर चार मशिनींपलीकडून ओळखायची. आता कारखाना सुटला होता. तिला क्षय झाला होता, आणि तोही असा हट्टी की नेहमीच्या औषधांना भीक घालत नव्हता. मोठी औषधं सुरू होऊनही थुंकीचा तपास काही साफ येईना. म्हणून ती आत, आणि नवरा नि लेक बाहेर.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण पोरगी एका जागी बसेल तर शपथ. आईचं कळलं तेव्हा तिचीही तपासणी झाली होती. निघालं काहीच नाही.

"पण इतके दिवस तुमच्या कुशीत झोपलीय, ताई," नर्सबाई म्हणाल्या होत्या. "जंतू आत शिरून गप्प बसलेले असू शकतात. ते उठू नयेत म्हणून हिलाही रोज एक गोळी. सहा महिने. एकही चुकवू नका."

स्वतः बरं होण्याची काजवालीला फारशी आशा उरली नव्हती. डॉक्टर बोलताना तिच्याकडे न बघता एक्स-रेकडेच बघत राहायचे, त्यावरून काय ते तिला कळलं होतं. पोरगी मात्र वाचली पाहिजे. एवढ्या एका गोष्टीत तिचा जीव अडकला होता. म्हणून रोज सकाळी काचेपलीकडे स्टूल मांडलं जाई, भिंगरी त्यावर चढे आणि बाप तिच्या जिभेवर गोळी ठेवी.

"आऽ कर!" काजवाली मास्कमधून ओरडे. पांढरी गोळी दिसे. मग पेल्यातलं पाणी, मग पुन्हा "आऽ", आणि रिकामी जीभ. तेवढं पाहिलं की तिचा दिवस कसाबसा निघे.

सुरुवातीला फार तमाशे झाले. गोळी कडूजहर. पोरगी ओकायची, गुडघे दुखतात म्हणून भोकाड पसरायची. "मला काही झालेलंच नाही, मग मला का?" असं बापाला विचारायची. बाप शाळेची व्हॅन चालवायचा. सगळी पोरं त्याला व्हॅनकाका म्हणायची आणि खुशाल त्याच्या डोक्यावर मिरे वाटायची. माणूस इतका मऊ की कुणाचंही पोर रडलं तरी याचेच डोळे भरायचे. रडणाऱ्यांसाठी तो स्टिअरिंगजवळ पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा ठेवायचा. त्यालाही तीच कडू गोळी लागू होती, मोठ्या माणसाची. ती तो निमूट गिळायचा. असल्या माणसाच्या हाती पोरीचं औषध सोपवावं का, हे मला विचाराल तर अजिबात नाही. पण घरात दुसरं होतं कोण?

मग एकाएकी तमाशे थांबले. भिंगरी शहाण्यासारखी स्टुलावर चढू लागली. गुडघ्यांची कुरकुरही गेली. "अंगवळणी पडलं हो," नर्सबाई म्हणाल्या, आणि काजवालीला हायसं वाटलं. त्या दिवसांत तिला दोन घास जातही होते.

एका सकाळी व्हॅनला उशीर झाला होता. बापाने घाईघाईत गोळी जिभेवर ठेवली आणि पेला भरायला तो वळला. तेवढ्यात भिंगरीचा जबडा हलला. पोरगी गोळी चावत होती. मजेत चावत होती आणि हसत होती. काजवालीच्या रोजच्या मूठभर गोळ्यांत त्याच जातीची एक होती. ती चावून कुणी हसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अहो, तिच्या तोंडात काय आहे?"

व्हॅनकाकाने भरलेला पेला खाली ठेवला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि म्हणूनच तिने कधी काही विचारलं नव्हतं.

"पेपरमिंट," भिंगरीनेच सांगून टाकलं आणि पटकन तोंडावर हात ठेवला. "बाबा, चुकून बोलले."

"कधीपासून?"

"तू आत खोकतेस, ती बाहेर ओकते, आणि मी मधे उभा," तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाही बघवलं गं. मला वाटलं, धडधाकट पोर आहे..."

त्याला शिव्यांची लाखोली वाहायला तिने तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरली तेव्हा ओरडायला श्वास उरला नव्हता. ती दाराला टेकून खाली बसली. नवऱ्याचा राग आलाच होता, स्वतःचा त्याहून जास्त आला होता. चार मशिनींपलीकडचा टाका ओळखणारी बाई रोज डोळ्यांत तेल घालून पेपरमिंट बघत बसली होती.

पुन्हा तपासण्या झाल्या. या वेळी निघालं. आईचाच आजार, तसाच हट्टी. नर्सबाई रागावल्या नाहीत. "नीट घेतली असती तरी कदाचित..." असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता दोघींना वेगळं ठेवून काय करायचं? आजार एकच तर आहे."

बापाने पोरीची गादी आतल्या खोलीत आणून टाकली आणि खाली मान घालून तो बाहेर गेला. भिंगरी धावत आत आली, वाटेत थांबून खोकली, आणि आईच्या गळ्यात पडली. या मिठीसाठी काजवाली इतके महिने झुरली होती, आणि आता ती मिळू नये असं तिला वाटत होतं. तळहाताखाली पोरीच्या पाठीत बारीक खरखर लागत होती.

"आई, आता मला पण झालं," भिंगरी खुशीत म्हणाली. "म्हणजे दार लावलं तरी मी आतच ना?"

"हो, आतच," काजवाली म्हणाली.

काचेपलीकडे बाप स्टूल उचलून हातात धरून उभा होता. ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.