पुसटरावांचा स्वच्छ फोटो

पुसटरावांचा धंदा उभं राहण्याचा होता, पण मागे. जाहिरातीच्या फोटोत पुढे कुणीतरी देखणा माणूस दात दाखवत बसलेला असतो आणि त्याच्या मागे रंगांचे मऊ डाग दिसतात ना, त्यातला एक डाग म्हणजे आमचे पुसटराव. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं की पुढचा माणूस तेवढा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं विरघळतं. पण विरघळायलाही अक्कल लागते, हे लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. चौकड्यांचा शर्ट धूसर झाला की कडा दुहेरी दिसतात आणि डोळ्यांना टोचतात. म्हणून पुसटराव एकरंगी कपडे घालत. बटणं मात्र चकचकीत, कारण मागे गेली की त्यांचे दिवे होतात. काळ्या पुठ्ठ्याला बदामाच्या आकाराचं भोक पाडून तो लेन्सपुढे धरला, की हेच दिवे बदाम होऊन त्यांच्या छातीवर तरंगत.

सगळ्या फोटोवाल्यांत त्यांच्या तोडीचा धूसर माणूस नव्हता. एकदा चुकून त्यांचा डावा कान स्पष्ट आला, तर आठवडाभर ते कुणाला तोंड दाखवेनात. बायकोला नवऱ्याचं कोण कौतुक! रस्त्यात मोठा फलक दिसला की ती पाहुण्यांना थांबवून सांगायची, ते निळं दिसतंय ना, ते आमचे हे. तिच्या आईचं म्हणणं, ते झुडूप आहे. एकदा ते खरंच झुडूप निघालं. पण तोवर बायकोने त्या फलकाखाली स्वतःचा फोटो काढून सगळ्या नात्यात पाठवला होता आणि जावई छान आलेत असं सगळ्यांनी कळवूनही झालं होतं.

फक्त बाबांना हा धंदा पसंत नव्हता. बाबा म्हणजे पुसटरावांचे वडील. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढा काटा चिमट्यात धरणाऱ्या माणसाला आपल्या मुलाने डाग व्हावं हे कसं रुचणार? त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर थोरल्या मुलाचा फोटो होता, मुलीचा होता, मुलीच्या कुत्र्याचासुद्धा होता. पुसटरावांचा नव्हता. नाक-डोळे असलेला आण, लावतो, एवढंच बाबा म्हणत आणि पुन्हा समोरच्या घड्याळात मान घालत.

आता बाबा थोरल्याकडे, दूरच्या गावी, कायमचे राहायला निघाले होते. रविवारी भिंतीवरचे फोटो उतरवून ते बॅगेत भरणार होते. त्याआधी आपण भिंतीवर गेलो नाही तर बॅगेतही जाणार नाही, हे पुसटरावांच्या लक्षात आलं.

ते ज्या फोटोवाल्या बाईंकडे काम करत, त्यांच्याकडेच गेले आणि मला पुढे उभं करा म्हणाले. बाई आधी हसल्या. मग पुसटरावांचा चेहरा बघून त्यांनी दिवे लावले. पण बाई नेम धरायच्या आणि पुसटराव नकळत एक पाऊल मागे सरकायचे. सवय ती सवय. बाईंनी त्यांना थेट भिंतीला टेकवून बसवलं, तर त्यांनी चेहरा सैल सोडला. नाक इकडे, हनुवटी तिकडे. कॅमेऱ्यातला नेम धरणारा चौकोन बिचारा त्यांच्या तोंडावर भिरभिरायचा आणि शेवटी कंटाळून भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर जाऊन बसायचा. बटण फार सुरेख आलं.

दुपार टळून गेली तेव्हा बाईंनी कॅमेरा न उचलता सहज विचारलं, भिंतीवर कुणाकुणाचे फोटो आहेत? पुसटराव सांगू लागले. थोरला झाला, बहीण झाली, आणि कुत्र्यापाशी येऊन यादी संपली. तेवढ्यात नाक, डोळे, हनुवटी आपापल्या जागी येऊन बसले. बाईंनी तो क्षण टिपला.

फोटो घरी आला. बायकोने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "छान आहेत हो. कोण हे?"

सासूबाईंना तो विमा विकणारा वाटला. मी आहे मी, असं पुसटराव परोपरीने सांगत होते. बायको त्यांच्याकडे बघायची, फोटोकडे बघायची आणि समजुतीच्या सुरात म्हणायची की थोडेफार मिळतात चेहरे. परका माणूस टक लावून बघतो म्हणून तिने फोटोवर टॉवेल टाकला, तेव्हा कुठे तिला मोकळेपणी स्वयंपाक करता आला. पुसटराव जेवलेच नाहीत. घरच्यांची ही तऱ्हा, मग बाबा काय ओळखणार?

शनिवारी संध्याकाळी ते फोटो घेऊन बाबांकडे गेले. बाबांची बॅग अर्धी भरून झाली होती. त्यांनी फोटो हातात घेतला, खिडकीशी नेला, डोळ्याला भिंग लावलं आणि नादुरुस्त घड्याळ तपासावं तसे कपाळापासून खाली उतरू लागले. कोण हा, असं त्यांनी विचारलं नाही.

"भुवया कधी पिकल्या तुझ्या?" फोटोवरून नजर न काढता बाबा म्हणाले.

"झाली दोन-चार वर्षं."

"आणि डोळ्यांखाली हे काय? झोपत नाहीस का?"

 दर आठवड्याला पुसटराव याच खोलीत येत होते. एकदाही बाबांनी मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि हे आज सांगून काय उपयोग, असं त्यांना वाटलं. राग आला होता, तो गिळून ते टेबलाच्या खणात हातोडी शोधू लागले.

"काय शोधतोयस?"

"खिळा ठोकतो ना, बाबा. भिंतीवर लावायला."

"भिंतीवर नको."

पुसटरावांचा हात खणातच राहिला. बाबांनी डोळ्याचं भिंग काढून शर्टाला पुसलं. बॅगेकडे ते गेलेच नाहीत. फोटो त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात घातला, चष्म्याच्या पुढे, आणि वरून हाताने दाबून पाहिला.

"थोरल्याचं तोंड मला पाठ आहे," ते म्हणाले. "तुझी ओळख करून घ्यायची राहिलीय. गाडीत बसल्या बसल्या करून घेतो."