सुतकातली पाटी

आमच्या अण्णांनी, वडिलांनी, प्राण सोडला त्या जागी पीठ पसरून दिवा लावायचा होता. फरशी उंचसखल, दिवा कलंडत होता. नागनाथकाकांनी पियुषच्या टेबलावरची एक सपाट काळी पाटी आणली, तिच्यावर पीठ पसरलं आणि पणती ठेवली. माझा भाऊ पियुष अग्नी देऊन परतला, तेव्हा सांडलेलं तेल पाटीच्या सांधीतून आत उतरलं होतं.

ती पाटी म्हणजे त्याचा संगणकाला जोडायचा ड्रॉइंग टॅब्लेट. तेराव्यापर्यंत दिवा हलवायचा नसतो.

पाचव्या दिवशी पियुषने मला परसात एकटीला गाठलं. "ताई, उद्या दुपारी आमची ऑनलाइन मॅच हाय. चौघांत एक कमी पडला तर टीम बाद."

तो चित्रं काढत नाही. गाण्याच्या तालावर पडद्यावर गोल उमटत जातात. उजव्या हातातलं पेन पाटीवर फिरवून नेमकं त्या गोलावर जायचं आणि डाव्या हाताने ठोक्याला कळ दाबायची, असा खेळ आहे. या संघात यायला त्याला तीन वर्षं लागली होती.

"माउसनं न्हाई का जमत?"

"हात पेनावर बसलाय."

अग्नी दिलेल्याला वेस ओलांडता येत नव्हती. मला येत होती. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवस. "तुझं फिटलं," असं बायनाआत्याने चौथ्या दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून दळण, किराणा, बाहेरची सगळी कामं माझ्याकडे आली होती.

सकाळी निघताना आत्या दारात होती. "बाप जाऊन आठवडा न्हाई झाला आन खेळणं आणायलीस?"

"मी आणायलेय. त्यानं न्हाई मागितलं," मी खोटं बोलले आणि ताडकळसहून येणारी परभणीची बस धरली.

परभणीत एकाच दुकानात टॅब्लेट होते. दुकानदार भुजंगने पडदा असलेला मोठा पुढे केला. "मॅडम, थेट ह्याच्यावरच दिसतंय. लय भारी."

मी पियुषला व्हिडिओ कॉल लावला. "ते नको," तो कुजबुजला. "हाताखालीच गोल झाकतात. साधे दाखवायला लाव."

साधे, बिनपडद्याचे, दोन होते. दोन्हींच्या पेनाला सेल लागत नव्हता, आकारही चालणारे होते.

"ताई, दोन्हींवर लिहून बघ. पेन झटक्यात फिरव, बाण मागं राहतो का बघ."

"सील फोडलं तर घ्यावंच लागंल," भुजंग म्हणाला.

"दोन्ही?"

"एक तरी. दुसऱ्याचं मी बघून घेतो."

बारा वाजून गेले होते. पुढची बस चुकली तर सगळंच चुकणार होतं. मी पहिल्यावर पेन झटक्यात फिरवलं. बाण पाठोपाठ आला. दुसऱ्यावरही आला. मला फरक कळेना.

"कळंना रे."

"सरळ रेघ मार. सावकाश."

पहिल्यावर सुरेख रेघ आली. भुजंग खूश झाला. "बघा, किती सफाई!" दुसऱ्यावर मारली, ती नागमोडी, दातेरी. "पीस खराब असंल," तो म्हणाला आणि खोक्याकडे हात नेला.

"थांबा." अण्णा गेल्यापासून माझा हात थरथरत होता. पियुषला ते ठाऊक होतं. चहा सांडताना त्याने पाहिलं होतं. "पियुष, माझा हात स्थिर न्हाईये."

"कोणत्यावर दिसायलंय ते?"

"दुसऱ्यावर."

"मग तोच घे. पहिला रेघ सुधरून दाखवतो. सुधरायला जो वेळ खातो, तेवढ्यात गोल जातो."

"अहो, चित्राला पहिलाच बरा," भुजंग म्हणाला.

"चित्राला न्हाई पाहिजे," मी म्हणाले.

बस मिळाली. घरी पोचले तेव्हा संघातले बाकीचे तिघं ऑनलाइन जमलेले, पडद्यावर त्यांचे निरोप येत होते: आला का, आला का. पियुषने जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर प्रोग्राम काढला, नव्याचा चढवला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मुंडण केलेल्या डोक्यावर हेडफोन नीट बसेना. त्याने उपरणं गुंडाळून वर हेडफोन चढवला. सरावाला एकच गाणं मिळालं, त्यात त्याचे सात गोल हुकले. मग मॅच सुरू झाली.

तेवढ्यात अंगणात मनकर्णामावशी आली, येलदरीहून, भेटायला. आमच्याकडे भेटायला येणारी बाई उंबऱ्यातच गळा काढते. तिने पदर तोंडाला नेला तशी मी दाराकडे धावले, पण आत्या आधी पोचली होती. तिने मावशीचं मनगट धरलं.

"आत्ता न्हाई, मनकर्णा."

"का वं?"

"पोरगं कामात हाय."

"सुतकात कसलं काम?"

"त्याचं हाय. बस खाली."

दोघी ओट्यावर बसल्या. आतून कळांची टकटक येत होती, कधी सावकाश, कधी पावसाच्या सडाक्यासारखी. मावशी पदरात तोंड दाबून रडायला लागली, आवाज न करता. आत्याही. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसले. आठवडाभर मी उभीच होते.

टकटक थांबली. पियुष दारात आला, घामाने डबडबलेला.

"आमी पुढं गेलो," तो म्हणाला. "काठावर."

आत्याने मावशीचं मनगट सोडलं. "रड आता," ती म्हणाली. पण पहिला आवाज माझाच फुटला.