त्साईकाकांनी वाहवा केली

गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरले आणि तिथेच कळलं, रस्सा आंबलाय.

माझं नाक म्हणजे नाक आहे! वर्गात कुणाच्या डब्यात काय आहे ते मी झाकण उघडण्याआधी सांगते. आणि गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून अमाचं, म्हणजे माझ्या आजीचं, नाकही मीच आहे. त्या तापात तिला वास येईनासा झाला, त्यामागोमाग चव गेली. अख्ख्या ताइनान शहरात हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. रोज शाळेत जाण्याआधी मी पातेल्यावर वाकायची आणि हुकूम सोडायची, "चक्रफूल कमी पडलंय! सोया सॉस पुरे!" अमा मुकाट्याने ऐकायची आणि गिऱ्हाईकं वाडगे चाटूनपुसून जेवायची. आज सकाळी माझी बॅडमिंटनची मॅच होती (जिंकले, सरळ दोन गेममध्ये!), म्हणून नाक पोचायला दुपार झाली.

आमचं दुकान ते केवढं! वर पत्रा, खाली चार टेबलं आणि लाल प्लास्टिकची स्टुलं. त्यातल्या पातेल्याला अगदी चिकटून असलेल्या टेबलाशी आज बाबा बसले होते.

गेल्या आठवड्यात गॅसची नळी गळत होती आणि अमा तिला खेटून बसून कांदे सोलत होती. वास बाबांना आला, तोही रस्त्यावरून. तेव्हापासून त्यांच्या मनात संशय शिरला होता. काल जेवताना म्हणाले, "आई, उद्या मी येतो, गिऱ्हाईक म्हणून. रस्सा नेहमीसारखा असेल तर पुन्हा विषय काढणार नाही. बिघडलेला असेल तर दुकान बंद."

"आलीस का गं चँपियन?" अमा ओरडली. "हात धू. तुझ्या बाबांचा वाडगा भरायचाय."

पातेल्याला टेकून झाकण उभं होतं. म्हणजे रात्री झाकला होता! हा रस्सा आजोबांनी लावलेला. तो कधी संपू द्यायचा नाही. रोज त्यात नवं मांस पडतं, रात्री उकळी येते आणि मग तो उघडाच ठेवून गार करायचा. गरम असताना झाकला की सकाळी आंबलाच म्हणून समजा. आमच्या घरात पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

मी अमाच्या ॲप्रनची नाडी ओढली.

"काय गं? भूक लागलीय? आधी बाबा."

"अमा, जरा मागे ये ना."

"मागे काय आहे? बोल की इथेच."

बाबा माझ्याकडेच बघत होते. वास इतका बारीक होता की माझ्याशिवाय कुणाला आला नसता, पण पहिल्या घासाला त्यांना कळलंच असतं. इथे काय बोलणार, कपाळ!

आणि पहिला वाडगा तर कधीच गेला होता. बाबांच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्साईकाका जेवत होते. निवृत्त बस ड्रायव्हर. रोज येतात आणि रोज नावं ठेवतात. "भात चिकट झालाय. अंडं दगड झालंय. मालकीणबाई, हा मुळा लोणच्यात घातला होतात की लोणच्याला नुसता दाखवून आणलात?" आज मात्र चकार शब्द नाही. कपाळावर घाम, मान खाली, जेवायच्या काड्या भराभर चाललेल्या. एकदाच त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग बाबांकडे. बाबांची अट एव्हाना अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. आणि उरलेला भात तोंडात लोटला.

"काका," बाबांनी विचारलं, "कसा झालाय आज?"

पंखा घरघरत होता. त्साईकाकांनी घास गिळला. गिळायला त्यांना वेळ लागला.

"फर्स्टक्लास!" त्यांनी अंगठा वर केला. "असा रस्सा दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. वाहवा!"

मला त्यांच्या टकलाचा पापा घ्यावासा वाटला! बाबांचे ताठलेले खांदे खाली आले. आता फक्त बाबांच्या वाडग्याचं बघायचं. मांस संपलं म्हणू, माशाचं सूप देऊ, काहीतरी करू...

अमाचा डाव मात्र हवेतच थांबला होता.

"काय म्हणालास, आ-ल्योंग?"

"फर्स्टक्लास म्हणालो."

"माझा नवरा गेला, त्या जेवणातसुद्धा तू म्हणालास सूप पातळ आहे."

"पातळच होतं."

"मग आज काय झालं?"

त्साईकाकांनी काड्या रिकाम्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

अमा माझ्याकडे वळली. बाबांच्या देखत, सरळ विचारलं, "आ-युन, आंबलाय?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. वर्गात माझी जीभ आवरत नाही म्हणून बाई रोज ओरडतात, आणि तीच जीभ आता टाळ्याला चिकटून बसली. मी मान हलवली. होकाराची.

अमाने डाव खाली ठेवला. गॅस बंद केला.

"वर पाल फिरत होती म्हणून रात्री झाकला," ती बाबांना म्हणाली. "झाकण काढायचं राहिलं. आणि सकाळी मला कळलं नाही. त्या तापापासून मला काहीच कळत नाही."

बाबा उठले. "आई, पातेलं मी उचलतो."

"बस खाली. तू गिऱ्हाईक आहेस."

तिने दोन्ही कान धरून पातेलं उचललं आणि मागच्या मोरीकडे नेलं. ओतण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. त्साईकाका उभे राहिले होते.

अमा हात पुसत आली. "पोट बिघडलं तर माझ्या नावाने बोंब मार," ती त्यांना म्हणाली. "पण पुन्हा माझ्या दुकानात खोटं बोलू नकोस."

"भात चिकट होता," त्साईकाका पुटपुटले.

"हां. आता कसं!"

मग तिने ॲप्रन काढला, घडी घातली आणि रस्ता ओलांडून समोरच्या ल्याओमावशीच्या गाडीवर गेली. जन्मात तिथे खाल्लं नव्हतं तिने. तिच्या कालवांत वाळू असते म्हणायची. आज स्टूल ओढून बसली.

"कालवांचा एक पोळा दे," ती म्हणाली.

ल्याओमावशी आ वासून बघत राहिली, मग तिने घाईघाईने तव्यावर अंडं फोडलं. मी अमाच्या शेजारी बसले. पलीकडे बाबा आमची स्टुलं एकात एक रचत होते, आवाज न करता.

प्लेट आली. अमाने काड्यांनी तुकडा तोडला, तोंडात टाकला. प्लेट माझ्याकडे सरकवली.

"सांग."

मी खाल्लं. "कालवं ताजी आहेत. खारट, समुद्रासारखी. वरचा सॉस गोड, आणि मग मागून मिरची येते. कड जरा करपलीय, पण छान करपलीय."

"वाळू?"

"नाही."

"हं." अमाने दुसरा तुकडा तोडला आणि मी माझा चावून होईपर्यंत तो तोंडात तसाच धरून ठेवला.